हाड भरलं, सर्व्हिस का परत येत नाही?

"डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, सरावात चेंडू छान बसतो, पण सामन्यात हा पूर्वीचा राहिलाच नाही. याचं मन कच्चं आहे का?" दुखापतीनंतर टेनिस कोर्टवर परतलेल्या मुलांचे आईबाबा हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच. मुलं तो वेगळ्या पद्धतीने विचारतात. साडेपंधरा वर्षांच्या एका मुलाने समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारलं, "हाड भरलंय म्हणतात ना? मग माझा हात का चालत नाही?"

उजव्या हाताने खेळणाऱ्या या मुलाच्या कमरेतल्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या मणक्याला डाव्या बाजूने ताणाचा तडा गेला होता. वाढत्या वयातल्या टेनिसपटूंना ही दुखापत बरीच होते. सर्व्हिस करताना कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते. दिवसाला शंभर-दीडशे सर्व्हिस मारल्या, की मणक्याच्या मागच्या अरुंद हाडावर तोच ताण पुन्हा पुन्हा पडतो आणि अजून पक्कं न झालेलं ते हाड एक दिवस हार मानतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये कळतं. त्याचंही तसंच झालं. तीन महिने खेळ पूर्ण बंद होता. मग पोटाचे आणि कमरेचे व्यायाम, चौथ्या महिन्यात जाळीजवळ हलक्या चेंडूवर खेळणं, पाचव्यात सर्व्हिस आणि सहाव्यात सामन्यांची परवानगी. नंतरच्या पाच स्पर्धांत तो पहिल्याच फेरीत हरला होता. एका सामन्यात त्याने चौदा डबल फॉल्ट केले, म्हणजे चौदा वेळा दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण घालवला.

अशा वेळी "तुला आत्मविश्वास कमी वाटतो का?" असं विचारून काही हाती लागत नाही. मुलगा "हो" म्हणतो आणि संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी नेमका कुठला चेंडू, कुठल्या स्कोअरला, कोर्टच्या कुठल्या बाजूने, असं विचारावं. त्याची उत्तरं अगदी नेमकी आली. पहिली सर्व्हिस बरी पडते, फोरहँड-बॅकहँडला त्रास नाही. घोळ दुसऱ्या सर्व्हिसचा, तोही ३०-४० असताना, म्हणजे आणखी एक गुण गेला की गेम जातो तेव्हा, अ‍ॅड कोर्टातून, म्हणजे डाव्या बाजूने.

मग त्याच्या प्रशिक्षक सरांकडून बाजूने घेतलेलं मोबाइल चित्रीकरण मागवलं. संथ गतीने पाहिल्यावर सगळं स्पष्ट झालं. दुसऱ्या सर्व्हिसला तो किक मारायचा, म्हणजे रॅकेट चेंडूवर खालून वर घासून फिरकी द्यायचा. किकसाठी टॉस, म्हणजे वर फेकलेला चेंडू, डोक्यावर आणि किंचित डावीकडे लागतो, त्यामुळे पाठीला कमान येते. त्याचा टॉस मात्र वीतभर पुढे आणि हातभर खाली पडत होता. गुडघे जवळजवळ सरळच. पुढे पडलेल्या चेंडूवर रॅकेट खालून वर घासत जाऊच शकत नाही, ती चेंडूला नुसती ढकलते. मग चेंडू जाळीत तरी जातो, नाहीतर इतका हळू पडतो की समोरचा पुढे येऊन ठोकतो. शरीर त्याला न विचारता कंबर राखत होतं. याला भित्रेपणा म्हणायचं कारण नाही. दुखत असताना शरीराने शिकलेली ती सवय आहे, आणि दुखणं गेलं म्हणून सवय आपोआप जात नाही.

मात्र भीती ही नुसती भीतीच आहे, असं समुपदेशकाने परस्पर ठरवू नये. पुढे काहीही करण्याआधी फिजिओ आणि डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं: हाड भरलं आहे, दिवसाला किती सर्व्हिस चालतील, कुठली खूण दिसली की थांबायचं. या मुलासाठी खूण सोपी होती. दुखतंय ती जागा हाताने दाखवायची. दोन्ही बाजूंना पंजाएवढ्या भागात जडपणा वाटला, तर तो बहुधा स्नायूंचा थकवा असतो. जुन्या जागीच, एका बोटाने दाखवता येईल असं दुखलं, तर त्याच क्षणी खेळ थांबवून फिजिओला कळवायचं. रात्री झोपेतून उठवणारी कळ आली, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर थेट डॉक्टर. स्नायूंच्या दुखण्यात "दुखणं दहापैकी दोन-तीन असलं तर चालेल" हा हिशेब धरतात, हाडाच्या जुन्या तड्यावर तो लावायचा नाही.

आता मूळ मुद्दा. फिजिओने त्याला ताणाची शिडी नीट चढवली होती: आधी वीस सर्व्हिस, मग तीस, आधी अर्ध्या जोराने, मग पूर्ण. पण दडपणाचीही एक शिडी असते आणि ती त्याला कुणी चढवलीच नव्हती. रिकाम्या कोर्टवर बादलीभर चेंडू मारण्यातून तो थेट स्पर्धेतल्या ३०-४० वर जाऊन उभा राहिला. शिवाय दुसऱ्या सर्व्हिसला दोन्ही शिड्यांची वरची टोकं एकत्र येतात, कारण कमरेवर सगळ्यात जास्त ताण टाकणारा फटका सगळ्यात जास्त दडपणाच्या क्षणी मारायचा असतो. तिथेच सवय उसळून येते. बहुतेक मुलांचा "फॉर्म गेला" म्हणतात तो नेमका इथे गेलेला असतो.

म्हणून एका वहीत त्यानेच प्रसंग लिहिले आणि प्रत्येकापुढे भीतीचा आकडा टाकला, शून्य ते दहा. सर्व्हिस लाइनवरून एकट्याने अर्ध्या जोराची सर्व्हिस: १. मागच्या बेसलाइनवरून सपाट (फिरकी नसलेली) सर्व्हिस, सर शेजारी: ३. बाबा कोर्टच्या कुंपणाबाहेर उभे असताना तीच: ५. सरावाच्या सेटमध्ये फक्त दुसरी सर्व्हिस: ६. अ‍ॅड कोर्टातून किक, गुण मोजून: ८. स्पर्धेत ३०-४०: ९. बाबांच्या नुसत्या उभं राहण्याने आकडा दोनाने चढतो, हे वाचून घरातले चमकले. त्याविषयी पुढे.

सुरुवात ३ च्या पायरीवरून केली. एक पायरी तीन वेगवेगळ्या दिवशी करायची, मधे एक दिवस सर्व्हिसला सुट्टी. आकडा निम्म्यावर आला की वरची पायरी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: एकतर सर्व्हिसची संख्या, नाहीतर जोर, नाहीतर प्रकार, नाहीतर दडपण. संख्या वाढवलेल्या दिवशी बाबांना बोलवायचं नाही. किक सुरू केली त्या दिवशी संख्या पन्नासवरून वीसवर आणायची. साध्या वाटणाऱ्या या नियमाचा भंग सगळ्यात जास्त होतो.

आणि गुण कशाला द्यायचे, हेही बदललं. टॉस पूर्ण उंच आणि गुडघे वाकले, तर टिक, मग चेंडू बाहेर गेला तरी. घाबरत ढकललेला चेंडू आत पडला, तर टिक नाही. पहिला आठवडा त्याला हे अजिबात पटलं नाही. "आत पडला ना, सर!" म्हणून तो वाद घालायचा. पण चेंडू आत पडण्याला बक्षीस दिलं की शरीर ढकलण्याचीच सवय पक्की करतं, कारण ढकललेला चेंडू सरावात आत पडतोच. "कंबर सांभाळ" ही सूचना सरांनी पूर्ण बंद केली. लक्ष कमरेकडे गेलं की कंबर आणखी ताठ होते. त्याऐवजी एकच शब्द ठेवला: "वर". चेंडू वरच्या टोकाला जाईपर्यंत नजर त्याच्यावर.

सामन्यातल्या दोन गुणांमध्ये नियमाने २५ सेकंद मिळतात. ती कशी वापरायची हे ठरवून ठेवलेलं बरं. गुण संपला की कोर्टकडे पाठ, नजर रॅकेटच्या तारांवर. दोन श्वास, घेताना चार मोजायचे, सोडताना सहा. मग कुठे मारायचं ते ठरवायचं आणि रेषेवर येऊन चेंडू पाच वेळा टप्पा. पहिली सर्व्हिस चुकल्यावर मात्र हा वेळ मिळत नाही, दुसरी विनाविलंब करावी लागते. अनेक मुलं हे विसरून मोठा विधी बसवतात आणि नेमक्या अवघड क्षणी तो अर्धवट राहतो. दुसऱ्या सर्व्हिससाठी त्याचा विधी एवढाच होता: एक लांब उच्छ्वास, तीन टप्पे, "वर".

चौथ्या आठवड्यात गाडी घसरली. ठरले होते पन्नास चेंडू. त्या संध्याकाळी एकामागून एक सर्व्हिस मस्त बसत होती, सर लवकर गेले होते, आणि याने एकशे चाळीस मारल्या. दुखतंय म्हणून चुकणाऱ्यांपेक्षा बरं वाटतंय म्हणून चुकणारे जास्त असतात. सकाळी कंबर धरली. घरात एकदम स्मशानशांतता, आईला रडू. त्याला विचारलं, जागा दाखव. त्याने दोन्ही पंजे कमरेवर ठेवले. तरीही फिजिओकडे पाठवलं. त्यांनी एका पायावर उभं करून मागे वाकवून पाहिलं, जुनी जागा दाबून पाहिली, स्नायूंचंच होतं. दोन दिवस विश्रांती आणि दोन पायऱ्या खाली. सपाट सर्व्हिसचा भीतीचा आकडा एकवर आलेला, तो सहावर गेला. त्याला वाटलं सगळं पाण्यात गेलं. आठवड्याभरात तो पुन्हा दोनवर आला. पहिल्यांदा उतरायला तीन आठवडे लागले होते, हे वहीतच लिहिलेलं होतं, त्यामुळे वेगळी समजूत काढावी लागली नाही.

आता बाबांविषयी. माणूस प्रेमळ, मुलासाठी रजा काढून येणारा. बाजू बदलताना मुलगा खुर्चीकडे आला की ते कुंपणाबाहेरून विचारायचे, "दुखत नाही ना रे?" दर वेळी. काळजीचाच प्रश्न, पण त्याने मुलाचं लक्ष पुन्हा कमरेकडे जायचं. त्यांना गप्प बसा म्हणणं क्रूरपणाचं झालं असतं. काळजीला एक वेळ नेमून दिली: दिवसातून एकदा, रात्री, वही भरताना. दुखल्यास सांगायची जबाबदारी मुलाची, आणि त्याने सांगितल्यावर "मग खेळलासच का" असं ऐकवायचं नाही. हे दुसरं कलम पहिल्याहून महत्त्वाचं आहे. बोलणी बसतात म्हणून मुलं दुखणं लपवतात.

बाबांच्या मोबाइलमध्ये दुखापतीआधीच्या एका जबरदस्त विजयाचं चित्रीकरण होतं, आणि मुलगा ते रोज पाहायचा. त्याला दुखापतीआधीच्या शेवटच्या बारा सामन्यांचे स्कोअर लिहायला सांगितलं. त्यातले पाच तो हरला होता, तीन सामन्यांत सहाच्या वर डबल फॉल्ट होते. गेल्या वर्षीच्या सर्वोत्तम दिवसाशी तो आजच्या सरासरी दिवसाची तुलना करत होता. शिवाय या काळात तो पाच सेंटीमीटरने उंच झाला होता. जुना टॉस या नव्या उंचीला बसणारच नव्हता. या वयातला खेळाडू पूर्वीच्या शरीरात परतत नसतो, ही गोष्ट प्रशिक्षकांच्याही नजरेतून सुटते.

"पूर्वीसारखं" या शब्दाचा मोह सुटावा म्हणून हुआन मार्टिन देल पोत्रोची आठवण काढली. २००९ चा हा अमेरिकन ओपन विजेता डाव्या मनगटावरच्या तीन शस्त्रक्रियांनंतर २०१६ मध्ये परतला, तेव्हा त्याचा दोन हातांचा बॅकहँड पूर्वीच्या जोराने चालत नव्हता. तो बरेच चेंडू एका हाताने स्लाइस करून, म्हणजे रॅकेटने कापल्यासारखा फटका मारून, परतवायचा. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने पहिल्या फेरीत जोकोविचला हरवलं आणि रौप्यपदक घेतलं. आपल्या मुलानेही किक तयार होईपर्यंत दुसरी सर्व्हिस स्लाइसने, म्हणजे चेंडूला बाजूची फिरकी देऊन करायची, असं सरांनी ठरवलं. स्लाइसला टॉस उजवीकडे आणि थोडा पुढे असतो, पाठ कमी वाकते.

एक सावधगिरी. झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, मित्रांना टाळणं, "आता कशातच अर्थ नाही" असं बोलणं दोन आठवड्यांवर टिकलं, तर तो फॉर्मचा प्रश्न उरत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. जगण्याचाच कंटाळा आल्याचं मूल बोललं, तर दोन आठवडे थांबायचंही नाही. या मुलात असं काही नव्हतं.

तेराव्या आठवड्यात तो स्पर्धेत उतरला आणि पहिल्या फेरीत ६-४, ३-६, ५-७ असा हरला. सात डबल फॉल्ट. रात्री बाबांनी विचारलं, "टिक किती?" दुसऱ्या सर्व्हिस एकेचाळीस होत्या, त्यांतल्या तेहतिसांना टॉस पूर्ण वर. उरलेल्या आठ कुठे गेल्या ते त्याने वहीत शोधलं: सहा तिसऱ्या सेटमध्ये, ४-४ नंतर. पुढच्या आठवड्यापासून सरावाचे सेट ४-४ वरून सुरू होणार आहेत.