प्रश्न तुमचे: कायोटीला बोलावायचं कसं?

प्रश्न : थंडीत आम्ही दोघं लेकीकडे टेक्सासला जातोय. जावई मित्राच्या रँचवर कायोटीच्या, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याच्या, शिकारीला नेणार आहेत. ‘बाबा, कॉल (कायोटीला जवळ बोलावणारी शिट्टी) तुम्ही वाजवायचा,’ असा त्यांचा हट्ट. माझं वय ६२. कॉल कोणता घ्यावा, सराव कुठे करावा?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : जावईबापू हौशी दिसतात! तोंडाने फुंकायचा, बंद रीडचा कॉल घ्या. रीड म्हणजे आवाज काढणारी पत्ती, ती यात नळीच्या आत असते, त्यामुळे ओठ कुठे टेकवायचे हा घोळ नाही. फुंकलं की जखमी सशाची किंकाळी, आणि आयती शिकार समजून कायोटी येतो. रिमोटवरचा इलेक्ट्रॉनिक कॉल महाग, शिवाय मग तुम्ही काय करणार?

सराव बंद गाडीत, काचा वर करून. खाडीकाठच्या खारफुटीत नको. तिथे आपले कोल्हे आहेत आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात तर मुळीच नको, तिथे बिबटे आहेत.

पहिली फुंकर हळू मारा, कायोटी पलीकडच्या झुडपातच असायचा. अर्धा मिनिट वाजवा, मिनिट-दोन मिनिटं गप्प बसा, मग जोर वाढवा. पंधरा-वीस मिनिटांत काही आलं नाही तर जागा बदला.

खरी मेख वाऱ्यात आहे. टेक्सासातल्या लबकला नोकरीत असताना कापसाच्या शेताकडेला मी हे पाहिलंय. कायोटी आवाजाकडे सरळ आलाच नाही. लांबून वळसा घातला, आमचा वास जिकडे वाहत होता तिकडे पोचला, नाक वर केलं आणि पसार. म्हणून वारा आडवा घ्या आणि वास जाईल त्या अंगाला मोकळं रान ठेवा. जावई बंदूक घेऊन त्याच बाजूला, पण कोण कुठे बसणार आणि गोळी कुठल्या दिशेला चालणार नाही, हे आधी ठरवून. गाडी आडोशाला लावा, दार आपटू नका. चेहरा आणि हात झाका. कॉल तोंडाशी नेणारा हातच आधी दिसतो.

टेक्सासात कायोटीला बंद हंगाम (शिकारबंदीचा काळ) नाही, पण हंटिंग लायसन्स लागतं. तुमचा जन्म २ सप्टेंबर १९७१च्या आधीचा, त्यामुळे शिकारीचा सक्तीचा कोर्स तुम्हाला नाही. लायसन्स मात्र स्वतःच्या नावाने काढाच. टूरिस्ट व्हिसावर आलेल्याला अमेरिकी कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण वैध हंटिंग लायसन्स असणाऱ्याला त्यातून सूट आहे. ‘बाबा, एकदा धरून तर बघा,’ असं जावई म्हणणारच.