लहान मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा निधी आधी कुठे द्यावा?

तुम्ही विचारलंय की परिसरातल्या पाळणाघरांसाठी आणि बालवाड्यांसाठी समितीकडे मोजकाच निधी आहे, अर्ज मात्र तिप्पट आलेत, तर प्राधान्य कसं ठरवायचं? अशाच एका समितीवर मी तीन वर्षं पालक-प्रतिनिधी होते, त्यावरून सांगते.

अर्जांचा गठ्ठा आधी बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी आम्ही अर्ज आणि प्रतीक्षायाद्या बघून पैसे वाटले. दोन केंद्रं असलेल्या वस्तीतच तिसरं उभं राहिलं, कारण नीट अर्ज लिहू शकणारी संस्था तिथेच होती. जिथे पाळणाघरच नाही तिथे प्रतीक्षायादी कुठून येणार? तिथल्या आया तान्ह्या बाळाला शेजारणीकडे, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीकडे सोपवून कामावर जात होत्या आणि आमच्या कागदावर त्या वस्तीची मागणी शून्य होती. ते शून्य मला अजून टोचतं.

मोजायची ती सोय नसलेली मुलं, आणि तीही वस्तीनिहाय, वयोगटानिहाय. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या, म्हणजे जिल्हे आहेत. तिथल्या बालसंगोपनाच्या स्थानिक नियोजन परिषदा झिप कोडनिहाय (आपल्या पिनकोडसारखं) प्राधान्यक्रम ठरवतात आणि परिषदेत एक पंचमांश जागा या सेवा वापरणाऱ्या पालकांसाठी असतात. आकडा आणि टक्केवारी दोन्ही बघा. समजा, एका वस्तीत 600 पैकी 150 मुलांची सोय नाही, दुसरीत 120 पैकी 110 मुलांची नाही. नुसता आकडा बघितला तर पहिली वस्ती जिंकते, पण दुसरीत जवळजवळ काहीच नाही.

आता वयाचं. इथे समित्या सर्वांत जास्त चुकतात, असं माझं मत आहे. इंग्लंडच्या नियमांनुसार दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक सांभाळणारी व्यक्ती लागते. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी हेच प्रमाण आठांना एक आणि शिक्षक पात्र असेल तर तेरांना एक इतकं असू शकतं. म्हणजे तेवढ्याच पगारात मोठ्या मुलांच्या कितीतरी जास्त जागा होतात. अहवालात आकडा मोठा दिसावा म्हणून पैसा चार वर्षांच्या मुलांकडे वाहतो. त्यातून ती मुलं मोफत शाळेत गेली की केंद्राची तीच फी बुडते जिच्यावर बाळांची खोली चालत होती, आणि आधी बंद होते ती बाळांचीच खोली. म्हणून मी तीन वर्षांखालच्यांना पहिला क्रम देईन, जागा कमी झाल्या तरी.

याला विरोध होईल. बालवाडीचा गरीब मुलांना पुढे आयुष्यात फायदा होतो हे सांगताना अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी इथे 1962 ते 1967 या काळात झालेल्या पेरी बालवाडी प्रयोगाचा दाखला लोक देतात, आणि तो तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा होता हे खरंच आहे. पण तिथे पात्र शिक्षक होते, आणि ते दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत, मुलासोबत बसत. तेवढी माणसं टिकवायची तर पगार हवेत. त्यामुळे दरवर्षी मिळणारा निधी पगारावर घाला, आणि एकदाच मिळणारा इमारत, दुरुस्ती, शौचालयं यांवर. उलट केलं तर रंगवलेल्या खोल्या उरतात आणि बाई सहा महिन्यांत सोडून जातात.

फी कमी करणं हाही उपाय सुचवला जाईल. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलर फीच्या पाळणाघरांची योजना आणली. आयांची नोकरी वाढली हा मोठा फायदा, पण मागणीइतक्या चांगल्या जागा निर्माण झाल्या नाहीत आणि प्रतीक्षायाद्या लांबल्या. आधी जागा आणि माणसं, मग फी.

अजून एक, वेळेबद्दल जरूर विचारा. रात्रपाळी करणाऱ्या आईला नऊ ते पाचचं केंद्र असून नसल्यासारखं. आणि समितीची बैठक संध्याकाळी ठेवा, बाजूच्या खोलीत मुलं सांभाळायला कुणीतरी असू द्या. आम्ही हे तिसऱ्या वर्षी केलं, तेव्हा त्या शून्य मागणीच्या वस्तीतून अकरा जणी आल्या.