मित्राच्या लॅपटॉपवर क्लोन होणारी रिपॉझिटरी माझ्याकडे ‘परमिशन डिनाइड’ का म्हणते? गिट काढून पुन्हा इन्स्टॉल करावे का?

गिट, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा इन्स्टॉल करू नका. हाच सल्ला मला २०२२ च्या जुलैमध्ये मिळाला होता, मी तो मुकाट्याने पाळला आणि त्यात माझा जवळजवळ एक दिवस गेला. तुमच्या प्रश्नातले ते वाक्य वाचूनच मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

पुण्यातील एका लहान कंपनीत ती माझी पहिली नोकरी होती आणि रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला गिटहब या वेबसाइटवरची कंपनीची एक प्रायव्हेट रिपॉझिटरी, म्हणजे ठरावीक लोकांनाच दिसणारा कोडचा साठा, क्लोन करून म्हणजे तिची प्रत माझ्या संगणकावर उतरवून घेण्यास सांगण्यात आले. एचटीटीपीएसचा, म्हणजे नेहमीच्या वेबसाइटसारखा, पत्ता देऊन कमांड चालवली की काही क्षणांत ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ असे उत्तर येई, आणि तोच पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की सगळ्या फायली व्यवस्थित दिसत. आमच्या टीम लीडनी तो पत्ता स्वतःच्या लॅपटॉपवर क्लोन करून दाखवला आणि सर्वांसमोर म्हणाले, “आजकालच्या मुलांना साधी लिंकसुद्धा कॉपी करता येत नाही.” वास्तविक त्यांच्याकडे तोच पत्ता चालला, यावरून पत्ता बरोबर आहे हे त्यांनीच सिद्ध केले होते, परंतु नोकरीच्या दुसऱ्या दिवशी हे बोलून दाखवण्याचे धाडस माझ्यात नव्हते.

त्यानंतर उपायांची रांग लागली. प्रथम ‘पोस्टबफर’ नावाची सेटिंग वाढवायला सांगितली गेली, जिचा संबंध आपण सर्व्हरकडे पाठवत असलेल्या माहितीशी असतो. क्लोन करताना माहिती प्रामुख्याने सर्व्हरकडून आपल्याकडे येते, त्यामुळे ती वाढवून काही होण्याचे कारणच नव्हते. मग एसएसएल तपासणी बंद करायला सांगितली, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे पाहणेच सोडून द्यायचे. ही सेटिंग नवशिक्यांना सुचवणाऱ्या माणसाकडून दुसरा कोणताही सल्ला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटी गिट काढून पुन्हा इन्स्टॉल करणे झाले. एरर अक्षरशः तीच राहिली.

तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबरच रुजू झालेली एक मुलगी शेजारच्या टेबलावर तीच रिपॉझिटरी क्लोन करत होती. तिने कमांड दिली आणि तिच्या स्क्रीनवर लॉगिनची खिडकी उघडली. मला ती खिडकी दोन दिवसांत एकदाही दिसली नव्हती. प्रायव्हेट रिपॉझिटरी मागितल्यावर तुम्ही कोण हे विचारले जायलाच हवे. मला विचारले जात नव्हते, याचा अर्थ माझ्या वतीने कोणीतरी आधीच उत्तर देऊन ठेवले होते. कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजर, म्हणजे विंडोज साठवलेली लॉगिन जिथे ठेवते ती जागा, उघडला, तर तिथे गिटहबची एक जुनी नोंद होती आणि तिच्यातले नाव नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचे होते. माझ्याआधी तो संगणक त्यांच्याकडे होता आणि विंडोजचे लॉगिनही तेच ठेवण्यात आले होते. गिट पुन्हा इन्स्टॉल केल्याने ही नोंद जात नाही, कारण ती विंडोज सांभाळते. मी ती पुसली, पुन्हा कमांड दिली, खिडकी उघडली, मी माझ्या खात्याने आत गेले आणि क्लोन झाले.

‘सापडली नाही’ हे उत्तर गिटहब अशा वेळी मुद्दाम देते, कारण ‘परवानगी नाही’ असे म्हटले तर त्या नावाची प्रायव्हेट रिपॉझिटरी अस्तित्वात आहे हे परक्या माणसाला कळेल. हे मी टीम लीडना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार, आपोआप गेला.”

आता तुमच्याविषयी. ‘परमिशन डिनाइड’ आणि कंसात ‘पब्लिक की’ असे येत असेल, तर तुम्ही एसएसएचचा, म्हणजे ‘गिट@’ने सुरू होणारा आणि पासवर्डऐवजी कीने ओळख पटवणारा, पत्ता वापरत आहात आणि सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाही आहात. तेव्हा वायफायला दोष देऊ नका. एसएसएचने जायचे असेल, तर पब्लिक रिपॉझिटरीसाठीसुद्धा गिटहब ओळख मागते. मित्राची की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) त्याच्या खात्यात नोंदवलेली असणार, तुमची नाही, एवढाच दोन लॅपटॉपमधला फरक असावा. रिपॉझिटरी पब्लिक असेल, तर एचटीटीपीएसचा पत्ता घ्या आणि मोकळे व्हा. प्रायव्हेट असेल, तर एसएसएच-कीजेन या कमांडने दोन कींची जोडी तयार करून ‘डॉट पब’ने संपणाऱ्या फायलीतला मजकूर खात्याच्या सेटिंग्जमध्ये नोंदवा, जोडीतली दुसरी फाइल कोणालाही देऊ नका, मदत करणाऱ्या मित्रालाही नाही. त्यानंतर ‘एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम’ ही कमांड इंग्रजीत टाइप करून चालवा, त्यातला टी मात्र मोठ्या लिपीतला हवा. सर्व्हर तुमच्या खात्याचे नाव घेऊन स्वागत करतो. ते नाव नीट वाचा, कारण कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर ते दुसऱ्याच कोणाचे निघू शकते.

एचटीटीपीएसने जाताना खात्याचा पासवर्ड देऊन पाहू नका. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे. त्या जागी टोकन, म्हणजे गिटहबवर तयार करून घेतलेली लांब गुप्त अक्षरमाळा, द्यावे लागते किंवा ब्राउझरमधून लॉगिन करावे लागते.

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. प्रत्येक एररचा संबंध ओळख पटण्याशी नसतो: क्लोन अर्ध्यावर तुटून ‘अर्ली ईओएफ’ (माहिती वेळेआधीच संपली) दिसत असेल, तर तो बहुधा खरोखरच नेटवर्कचा दोष असतो, आणि तुटलेले क्लोन पुढे चालू न होता पहिल्यापासून सुरू होत असल्यामुळे अशा वेळी क्लोनच्या कमांडला ‘डेप्थ १’ हा पर्याय देऊन फक्त शेवटची अवस्था उतरवून घ्यावी. तसेच तुम्ही सर्व्हरपर्यंत पोहोचला आहात हे मी एररच्या दोन शब्दांवरून ठरवले आहे. पूर्ण मजकूर तुम्ही दिलेला नाही. त्यात ‘टाइम्ड आउट’ असेल, तर कॉलेजच्या नेटवर्कने एसएसएच ज्यातून जाते ते २२ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कचे दार) बंद केलेले असण्याची शक्यता आहे आणि तेव्हाही एचटीटीपीएसचा पत्ता बहुतेक वेळा चालतो.