एकट्याने भिंत बांधताना शरीरावर येणारा भार

प्रश्न : माझे वय 52 वर्षे असून माझी नोकरी बैठ्या कामाची आहे. घराच्या मागे 6 मीटर लांब, दीड मीटर उंच आणि 20 सेंटिमीटर जाड अशी विटांची भिंत कोणाचीही मदत न घेता बांधावी, अशी माझी फार इच्छा आहे. पाया तयार आहे. वीट जेमतेम 3 किलोंची असते, त्यामुळे हे काम मला झेपेल असे वाटते. घरच्यांना मात्र काळजी वाटते. शरीराला किती कष्ट पडतील?
– एक वाचक

उत्तर : एका विटेच्या वजनावरून बांधलेला अंदाज येथे चुकतो. आपल्या भिंतीचे घनफळ 1.8 घनमीटर भरते. मॉड्युलर (ठरावीक प्रमाणित मापाच्या) विटा घनमीटरला साधारण 500 लागतात, म्हणजे 900 विटांचे 2,700 किलो आणि मसाल्याचे (विटा जोडणाऱ्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचे) सुमारे 900 किलो. शिवाय तीच वीट उतरवणे, भिजवणे, कामाजवळ नेणे आणि लावणे असे चार वेळा हाताळावी लागते; म्हणजे केवळ विटांचेच दहा टनांहून अधिक वजन आपल्या हातांखालून जाईल.

तरीही खरा भार विटेचा नसून वाकण्याचा आहे. जमिनीवरची 3 किलोंची वीट उचलण्यासाठी वाकणारा मनुष्य धड, डोके आणि हात मिळून स्वतःच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग खाली नेऊन पुन्हा वर आणतो, आणि हा सारा ताण कंबरेवर येतो. कामातील हालचालींचा अभ्यास करणारे अमेरिकी तज्ज्ञ फ्रँक गिलब्रेथ यांनी 1885 मध्ये गवंडीकाम शिकताना हेच हेरले. पुढे त्यांनी विटा आणि मसाला कंबरेच्या उंचीवर राहतील अशी परांची तयार केली आणि एक वीट लावण्यातील हालचाली 18 वरून 5 च्या आसपास आणल्या. आपणही विटांची रास आणि मसाल्याचे घमेले फळीच्या मजबूत मेजावर, मांडीच्या उंचीला ठेवावे. वीट घेताना कंबरेतून न पिळता पाय वळवावेत. माझ्या मते या कामातील कोणत्याही अवजारापेक्षा हे मेज अधिक मोलाचे आहे.

आपल्या भिंतीत सुमारे 15 थर येतील. पहिले 5 थर, म्हणजे जवळजवळ 300 विटा, गुडघ्याखाली लावायच्या आहेत. ते काम वाकून न करता जाड गादीवर गुडघे टेकून किंवा ठेंगण्या स्टुलावर बसून करावे. शेवटच्या थरांसाठी हात खांद्याच्या वर उचलावे लागू नयेत, म्हणून पायाखाली भक्कम, न डगमगणारी परांची हवी.

सर्वाधिक दमवणारा भाग मात्र मसाला कालवण्याचा. वाळू आणि सिमेंट फावड्याने कोरडे दोन-तीनदा उलटायचे, मग पाणी घालून पुन्हा कालवायचे. या कामात श्वास लागतो आणि नाडी वेगाने धावते. सिमेंटची 50 किलोंची गोणी एकट्याने उचलूच नये. ती जागेवरच फोडून घमेल्याने माल न्यावा. एका वेळी अर्ध्या तासात संपेल इतकाच मसाला कालवावा, म्हणजे तो घट्ट होण्याच्या भीतीने घाई होत नाही. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने त्वचा भाजते, म्हणून रबरी हातमोजे आणि बूट वापरावेत.

पहिल्या दिवशी 100 विटा पुरेत. सवय नसलेल्या स्नायूंचे दुखणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते, त्यामुळे सुरुवातीला एक दिवसाआड काम करावे आणि दोन ते तीन आठवड्यांची तयारी ठेवावी. विलंबाने भिंतीचे काहीही बिघडत नाही. अनुभवी गवंडीही ताज्या भिंतीची उंची एका दिवसात फार वाढवत नाहीत. केलेल्या थरांवर किमान आठवडाभर पाणी मारत राहावे, तेही छोट्या बादलीने नव्हे तर नळीने.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याची जुनी तक्रार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. स्नायूंची ठणक विश्रांतीने जाते. परंतु कंबरेतून पायात उतरणारी कळ, बोटांतील बधिरपणा किंवा छातीतील दाब जाणवला, तर हातातील थापी तेथेच ठेवून वैद्यकीय मदत घ्यावी.