घोड्यांसाठी एमआरआय, सीटी, डिजिटल एक्स-रे आणि सोनोग्राफी मशीन विकायचा धंदा मुंबईत चालेल का?

चालेल, पण यादीतली पहिली दोन नावं आजच खोडा. मी महालक्ष्मीला आणि पुण्याला रेसच्या घोड्यांवर उपचार करतो. याच विषयावरून जुन्या भागीदाराशी माझं कायमचं वाजलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्याचं म्हणणं, एक्स-रे तो एक्स-रे, माणसाचा काय अन् घोड्याचा काय. मी नको नको म्हणत असताना त्याने माणसांच्या दवाखान्यातून निघालेलं चाकांवरचं जुनं मशीन स्वस्तात उचललं. माणूस टेबलावर झोपतो, त्यामुळे त्या मशीनची ट्यूब फार खाली उतरतच नाही. खुराचा बाजूने फोटो घ्यायचा तर किरणं जमिनीलगत आडवी जायला हवीत. पहिलीच केस तीन वर्षांच्या फिलीची (तरुण घोडीची), पुढच्या डाव्या पायाने लंगडणारी. चाकांचा खडखडाट ऐकूनच ती बिथरली. गुंगीचं इंजेक्शन देऊन सईसांनी (घोड्याची देखभाल करणाऱ्यांनी) तिला लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, तर दुखरा पाय टेकवेना. एक्स-रेची कॅसेट वेगळ्या रीडर मशीनमध्ये घालून फोटो बघेपर्यंत गुंगी उतरत आली, आणि फोटो हललेला!

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या डॉक्टरांकडून बॅटरीवरचं छोटं मशीन आणि फोटो थेट लॅपटॉपवर पाठवणारं वायरलेस पॅनल आणलं. शिशाचा एप्रन घालून सईसाने लांब दांड्याने पॅनल पायाशी धरलं. काही सेकंदांत लॅपटॉपवर फेटलॉकचा, म्हणजे खुराच्या वरच्या घोट्यासारखा, सांधा दिसला आणि त्याच्या पुढच्या कडेला सुटलेली, तांदळाच्या दाण्याएवढी हाडाची चिप. भागीदार म्हणाला, "नशीब तुझं." त्याला नशीब म्हणणाऱ्या माणसाबरोबर मला धंदा करायचा नव्हता.

सोनोग्राफीतही हेच चालतं. गाई-म्हशींच्या गाभणतपासणीचा ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (अंगाला लावायचा भाग) घोड्याच्या डॉक्टरच्या गळ्यात मारतात. स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, घोडीची गाभणतपासणी करायला तो ठीक आहे. नडगीमागच्या टेंडनचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचे) तंतू बघायचे तर ७.५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा लिनियर (सरळ पट्टीचा) प्रोबच हवा. टेंडनच्या मधोमध काळा डाग दिसला की तो घोडा त्या सीझनपुरता बाद. हे सांगणारं मशीन विका.

आता एमआरआय आणि सीटी का नको? इंग्लंडच्या हॉलमार्क कंपनीचं ०.२७ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं एमआरआय मशीन घोडा उभा ठेवून खूर दाखवतं, उत्तम आहे. पण ते पोसायला, आणि सीटी पोसायलाही, रोजच्या केसेस लागतात. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे-तट्टू मिळून जेमतेम ३.४ लाख निघाले, २०१२ मध्ये सव्वासहा लाख होते. त्यात रेसचे मूठभर. टांग्याच्या, वरातीच्या घोड्याचा मालक साधा एक्स-रेसुद्धा काढत नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे रेस भरवणारे टर्फ क्लब, स्टड फार्म, व्हेटर्नरी कॉलेज आणि आमच्यासारखे फिरते डॉक्टर. रेस हिवाळ्यात मुंबईला, पावसाळ्यात पुण्याला, तेव्हा मशीन गाडीच्या डिकीत मावायला हवं.

एक राहिलंच. एक्स-रेला एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम आहेत (ऑफिस अणुशक्तीनगरलाच आहे), आणि सोनोग्राफी मशीन माणसावरही चालतं म्हणून गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटीचा १९९४ चा कायदा आडवा येतो. माल मागवण्याआधी दोन्हीकडचे कागद समजून घ्या. आणि सर्व्हिसला माणूस ठेवा. माझा भागीदार त्याला फुकटचा खर्च म्हणायचा. रेसच्या तोंडावर पॅनल बंद पडलं आणि तुम्ही त्याच संध्याकाळी दुसरं आणून दिलंत, तर पुढचं मशीन मी तुमच्याकडूनच घेईन, दहा टक्के महाग असलं तरी.