सुपारी पुढं सारायची मुभा

"मॅडम, पुराच्या गोष्टी सांगायला लावून मी बायकांचं दुखणं वाढवलं का?"

पंचगंगेकाठच्या एका गावातल्या आशाताईंचा हा प्रश्न. शाळेतले सर, बचत गटाच्या अध्यक्षा, तरुण मंडळाची पोरं, सगळेच थोड्याफार फरकानं हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन प्रकरणांतले तपशील इथं एकत्र केले आहेत.)

गल्ली 2019 आणि 2021 असे दोन महापूर सोसलेली. जुलैची दुपार, राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं. देवळाच्या मंडपात 22 बायका जमल्या, सोबत पोरंसोरं. मन मोकळं होईल म्हणून आशाताईंनी एकेकीला उठून पुराची आठवण सांगायला लावली. एका वहिनींची पाळी आली. "दावं तोडायला इळा घावला न्हाई," एवढंच त्या बोलल्या. गाभण म्हैस गोठ्यात बांधलेलीच राहिली होती. कुणीतरी समजूत घातली, "अगं, म्हैसच न्हवं? माणसं वाचली न्हवं?" वहिनी उठून गेल्या. त्या रात्रीपासून पत्र्यावर पाऊस वाजला की दचकून उठायच्या आणि बॅटरी घेऊन गोठ्यात फेरी मारून यायच्या. त्यात कुणीतरी केलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला. नवरा आशाताईंच्या दारात येऊन उभा: "आमच्या घरातलं गावभर कशाला?"

आशाताईंना दिलेलं उत्तर असं होतं. दुखणं गोष्टीनं वाढलेलं नाही, ते बैठकीच्या मांडणीनं वाढलं. आपत्तीनंतर माणसांना एकदाच बसवून 'काय घडलं, काय वाटलं ते सगळं सांगा' असं वदवून घेऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. त्यानं पुढचा त्रास टळत नाही, काहींचा उलट वाढतो. कारण साधं आहे: पुरात माणसाच्या हातात काहीच नव्हतं आणि पाळी लावून बोलायला लावलं की पुन्हा त्याच्या हातात काही उरत नाही. कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं, मुळात बोलायचं की नाही, हा लगाम सांगणाऱ्याकडेच हवा.

मग बैठक कशी घ्यायची? पहिली गोष्ट म्हणजे मोसम. नदी चढत असताना पुराची गोष्ट काढायची नाही. तेव्हा कामाची बोलणी, जनावरं कुठं न्यायची, गोळ्या कुठं ठेवल्यात. गोष्टींची बैठक दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत. वेळ दुपारी दोनची बरी: सकाळचं दूध घालून झालेलं असतं, संध्याकाळच्या धारेला अवकाश असतो. आठ ते दहा बायका, त्याहून जास्त नकोत. बारा झाल्या की दोन गट करावेत, कारण सव्वा तासात दहाव्या बाईला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. दर पंधरा दिवसांनी एक, अशा निदान सहा बैठका. पोरं अंगणवाडीत, फोन दारातल्या टोपलीत. गट चालवायला दोघी लागतात: एक बोलणं पुढं नेणारी, दुसरी फक्त चेहऱ्यांवर लक्ष ठेवणारी. ही दुसरी बाई बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि नेमकं तिथंच बिनसतं.

मधे एक सुपारी ठेवायची. जिच्या हातात सुपारी ती बोलणार, बाकीच्या ऐकणार. बोलायचं नसेल तर काही कारण न देता ती पुढं सारायची. (सुपारी घेतली म्हणजे काम अंगावर घेतलं, हे कोल्हापुरात समजावून सांगावं लागत नाही. खाऊन टाकू नका, हे मात्र सांगावं लागतं.) पहिल्या बैठकीत सगळ्यात तोंडाळ बाईनं सुपारी पुढं सारावी असं आधी ठरवून ठेवा, मग गप्प बसणाऱ्यांना ती मुभा खरी वाटते.

खरी मेख प्रश्नात आहे. 'काय वाटलं?' हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला की माणूस थेट पाण्यात पडतो. त्याऐवजी हाताला लागेल असं विचारा. घरातून निघताना पहिली कुठली वस्तू उचलली? कुणी हात दिला? पाणी ओसरल्यावर पहिली चूल कुणाच्या दारात पेटली? मायकेल व्हाइट या ऑस्ट्रेलियातल्या समुपदेशकानं यामागचं तत्त्व मांडलं होतं: माणसावर काय गुदरलं ही एक गोष्ट आणि त्यानं तेव्हा काय केलं ही दुसरी. दुसरी गोष्ट कुणी विचारतच नाही, म्हणून ती सांगणाऱ्यालाही आठवत नाही. आशाताईंना सोप्या शब्दांत सांगितलं, "गोष्ट कोरड्या जमिनीवर सुरू करा, कोरड्या जमिनीवर आणून सोडा. बाईला पाण्यात असताना घरी पाठवू नका."

कुणी रडलं तर? रडू द्यावं. 'रडू नको' नाही, लगेच मिठी नाही, आणि 'माझं तर याहून वाईट' हे तर अजिबात नाही. म्हशीच्या बाबतीत हेच झालं होतं. दहा दिवसांचं दुधाचं बिल जिच्यावर चालतं ती 'म्हैसच' नसते. आणि तुलना ऐकली की दुःखाच्या जोडीला लाजही येते. पाण्याचा तांब्या पुढं करावा आणि विचारावं, "थांबायचं का पुढं सांगायचंय?" डोळे एकटक लागले, श्वास वर लागला, हाक ऐकू येईनाशी झाली, तर गोष्ट तिथंच थांबवावी. पाय जमिनीवर घट्ट टेकवायला, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला, श्वास हळूहळू लांब सोडायला सांगावं. दुसऱ्या बाईनं ओसरीवर सोबत बसावं. एकटीला घरी सोडू नये आणि दुसऱ्या दिवशी डोकावून यावं.

व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकायला आशाताईंना घरोघरी जावं लागलं. वहिनींची त्यांनी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, आणि नव्या गटाचं बोलावणं तेव्हा दिलं नाही. ते दिवाळीनंतर दिलं. दोन बैठका वहिनींनी सुपारी पुढं सारली. तिसऱ्या वेळी ती हातात धरून बसल्या. आशाताईंनी विचारलं, "म्हशीचं नाव काय होतं?" चंद्री. मग तिचं वेत, तिची खोड, वैरण टाकायला उशीर झाला की बादली कशी लाथाडायची, सगळं निघालं. "त्या रात्री विळा शोधायच्या आधी काय करत होता?" सासूच्या बीपीच्या गोळ्या पदरात बांधल्या होत्या, शेजारची दोन पोरं माळ्यावर चढवली होती. हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. शेजारणीलाही नाही; ती तेव्हा माहेरी होती.

अशा बोलण्यातून गावाच्या उपयोगाचंही बरंच हाती येतं. बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट, ती सरकारी. पण एक आजी म्हणाल्या, त्याच्याआधीच पाणी ओढ्यातून मागल्या बाजूनं गल्लीत शिरतं. तो निरोप कुठल्याच मोबाइलवर येत नाही. त्या गटानं मे महिन्यात कागदावर उतरवलं: गरोदर बाई आणि डायलिसिसचा रुग्ण आधी हलवायचा, पंधरा दिवसांच्या गोळ्या झिपच्या पिशवीत, दाव्याला ओढताच सुटणारी गाठ आणि मृगाच्या आधी प्रत्येक गोठ्याच्या दारात विळा टांगलेला.

तरीही गट म्हणजे उपचार नव्हे. महिना उलटूनही झोप लागत नसेल, तीच स्वप्नं पडत असतील, घरात दारू वाढली असेल, जेवण तुटलं असेल, तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात पाठवावं. जगणं नको झाल्याची भाषा निघाली तर महिना मोजत बसू नये: माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. वहिनींनाही पाठवलं होतं. झोप बरीच सुधारली. मोठा पाऊस असला की अजून गोठ्यात एक फेरी होते. नवऱ्याचा राग गेलेला नाही. बैठकीच्या दिवशी तो बोलत नाही, पण धारेला स्वतः बसतो.