ओशाकानला राहायला येताय? आधी अक्षरं गिरवा

तुम्ही विचारलंय की पत्नीला आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानात, नोकरी लागली आहे, शहरातली भाडी झेपत नाहीत, ओशाकान गावात अंगणासकट घर मिळतंय. पण घरमालक फोनवर सारखा ‘आमचं गाव पवित्र आहे’ म्हणतो, त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि मांस न खाणाऱ्या मराठी कुटुंबाचं तिथं निभेल का? मी सहा वर्षं येरेवानात आहे, ओशाकानला अधूनमधून जाते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

प्रवासाचं आधी उरकते. गाव अश्तारकजवळ, कासाख नदीच्या काठावर आहे. येरेवानहून गाडीनं अर्धा-पाऊण तास. मार्शरुत्का, म्हणजे आपली वडाप, असते, पण रात्री उशिरा तिच्या भरवशावर राहू नका. दगडी घर दिसायला झकास असतं, थंडीत मात्र गॅसचं बिल डोळे पांढरे करतं. मागच्या जानेवारीचं बिल दाखवा म्हणून घरमालकाच्या मागे लागा.

आता पवित्र का, ते सांगते. आर्मेनियन लिपी घडवणारा मेस्रोप माश्तोत्स इथं पुरलेला आहे. इ.स. ४०५ च्या सुमारास त्यानं ३६ अक्षरं बसवली. देशानं ख्रिस्ती धर्म त्याआधी शंभरेक वर्षं घेतला होता, पण पोथ्या सगळ्या ग्रीक आणि सिरियाक भाषांत, गावकऱ्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माश्तोत्स ४४० साली वाघार्शापातला, म्हणजे आजच्या एचमियाझिन शहरात, वारला. वाहान अमातुनी या सरदारानं त्याला इथं आणून पुरलं आणि तीन वर्षांनी समाधीवर देऊळ बांधलं. आज दिसतं ते चर्च १८७० च्या दशकातलं आहे, मागचा गोल घंटामनोरा त्यानंतरचा. वेदीखाली पायऱ्या उतरून गेलं की ठेंगणी खोली, एक शिळा, फुलं, मेणबत्त्या. एवढंच. आवारात अक्षरांच्या आकाराचे खाचकार, म्हणजे कोरीव क्रूसशिला, उभे आहेत. पहिलं अक्षर ‘आयब’, त्यावरून अस्त्वात्स म्हणजे देव. छत्तिसावं ‘के’, त्यावरून ख्रिस्त. शाळेत नुकती अक्षरं शिकलेली पोरं इथं आणतात. आपापलं अक्षर शोधून त्याला मिठी मारून फोटो काढतात, तो गोंधळ बघण्यासारखा असतो.

एक गंमत: हीच अक्षरं आकडेही आहेत, १ ते ९००० पर्यंत. जुन्या दगडावर ‘रा’ आणि ‘चे’ अशी दोन अक्षरं साल म्हणून दिसली तर १००० अधिक १००, त्यात ५५१ मिळवा (जुना आर्मेनियन शक आपल्या इसवी सनाच्या तेवढा मागे आहे), की आलं १६५१. एकदा हे जमलं की प्रत्येक कबरीपाशी थांबायची खोड लागते. माझा नवरा आता माझ्याबरोबर यायला तयार नसतो.

गावात बाकीही पुष्कळ आहे. दिदिकोंद टेकडीवर उरार्तू या प्राचीन राज्याच्या काळातल्या गढीचे अवशेष सापडलेत. कासाखवर १७०६ सालचा पाच कमानींचा पूल आहे. सातव्या शतकातल्या लहानशा चर्चपाशी एक उंच दगडी खांब आहे. बायझंटाइन सम्राट मॉरिस आमच्याच गावचा, असं लोक छातीठोकपणे सांगतात. इतिहासकार त्याचा जन्म कॅपाडोशियातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, मानतात, पण हे तिथं बोलू नका, चहा थंड होईल. ऑगस्ट १८२७ मध्ये इथंच क्रासोव्स्कीची रशियन फौज अब्बास मिर्झाच्या इराणी सैन्यातून वाट काढत एचमियाझिनकडे गेली. हजाराच्या वर माणसं पडली. त्याचा स्मारकस्तंभ आजही आहे.

रीतभात फार अवघड नाही. चर्चमधून निघताना वेदीकडे पाठ करायची नाही, मागे मागे सरकत यायचं. पहिल्या खेपेला मी सरळ वळून चालू लागले, तर एका आजीनं खांद्याला धरून मला पुन्हा वेदीकडे फिरवलं आणि हसली. नंतर अंगणात खिशातली जर्दाळू माझ्या हातावर ठेवली.

तुमची खरी कसोटी ‘मताघ’ला लागेल. नवस फेडायला बोकड किंवा कोंबडा चर्चभोवती फिरवतात, पाद्री मीठ मंतरून देतो, मग मांस शिजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटतात. ताट तुमच्याही दारी येणार. नाक मुरडू नका, तो प्रसाद आहे. दोन्ही हातांनी घ्या, ‘आम्ही पास पाळतो’ म्हणा आणि पुढच्या घरी पोचवा. ‘पास’ म्हणजे त्यांचा उपास. त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य, त्यामुळे हा शब्द ऐकला की कोणी आग्रह करत नाही. त्या दिवसांत पासुत्स तोलमा होतो: चणे, मसूर, राजमा कोबीच्या पानात गुंडाळून शिजवलेला. आपल्या जिभेला तो पहिल्या घासाला आवडतो.

घरमालकाशी ओळख वाढवायला एक विषय देते. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ साली छापलं गेलं ते मद्रासला. आणि मुंबईच्या फोर्टात आर्मेनियन चर्च आहे. हे सांगितलंत की भाडं कमी होईलच असं नाही, पण वाईन नक्की येईल.

निघण्याआधी अक्षरं मात्र शिकून या. आता ती ३९ धरतात. पाटीवर गिरवली तर दोन आठवड्यांत येतात, मार्शरुत्कावरची पाटी वाचता येते. आणि सामान हलवायला ऑक्टोबरातला दुसरा शनिवार धरू नका. त्या दिवशी पवित्र भाषांतरकारांचा, म्हणजे बायबल आर्मेनियनमध्ये आणणाऱ्या माश्तोत्स आणि त्याच्या सोबत्यांचा, सण असतो, सगळं आर्मेनिया ओशाकानला लोटतं. तुमचा टेम्पो गावाबाहेरच अडकेल.